दगडाखालचा मासा आणि शेतांतील माती

शेतकऱ्यांच्या मासिकांत मासेमारीवरील लेख कशासाठीं, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. त्यास आमचें उत्तर असें कीं, ज्याच्या शिवारांतून ओढा वाहतो त्याची जमीन ओढ्याच्या काठाशीं संपत नाहीं. तिचा कांहीं अंश दर पावसाळ्यांत त्या ओढ्यांत उतरत असतो. तो किती उतरला हें ओढ्याचा तळ पाहिला म्हणजे समजतें. आणि तळ बिघडला आहे कीं नाहीं हें तेथें राहणारा मासा माणसाच्या आधीं ओळखतो. यास्तव जपान, युरोप व अमेरिका येथील थंड, खडकाळ ओढ्यांच्या तळाशीं राहणाऱ्या एका लहान माशाची, तो धरण्याच्या रीतींची आणि तो कां कमी होत चालला याची हकीकत आम्ही येथें देत आहों. मासा परका असला तरी त्यापासून घेण्याचा धडा आपल्या बांधावरचा आहे.

माशाची ओळख

या माशांच्या गणास शास्त्रज्ञ 'कॉटस' असें म्हणतात. अमेरिकेंत या माशांस 'स्कल्पिन' म्हणतात. इंग्लंडांत 'बुलहेड', म्हणजे बैलाच्या डोक्याचा, हें नांव रूढ आहे. तेथें त्याचें दुसरें नांव 'मिलर्स थंब', म्हणजे पिठाच्या गिरणीवाल्याचा अंगठा, असें आहे. पीठ जाडें कीं बारीक हें चिमटींत चोळून पाहतां पाहतां गिरणीवाल्याचा अंगठा चपटा व रुंद होई, आणि या माशाचें डोकें तसेंच दिसतें, अशी या नांवाची उपपत्ति सांगतात. आयझॅक वॉल्टन याच्या गळाच्या मासेमारीवरील ज्या इंग्रजी ग्रंथाची पहिली आवृत्ति १६५३ सालीं निघाली, त्यांतही या माशाचें वर्णन आलें आहे. जपानांत त्यास 'काजिका' म्हणतात. हें नांव ज्या अक्षरानें लिहितात त्यांत 'मासा' व 'शरदऋतु' हीं दोन चिन्हें जोडलेलीं आहेत.

मासा लहान, बहुधा तीन-चार इंचांचा; सहा इंचांचा सांपडला तर तो मोठाच म्हणावयाचा. डोकें अंगाच्या मानानें फार मोठें व चपटें, तोंड रुंद, डोळे वरच्या बाजूस, आणि शेपटीकडे अंग निमुळतें. अंगावर खवले नाहींत. रंग दगडासारखा मातकट व ठिपक्यांचा. कल्ल्याच्या झांकणावर कांटा असल्यामुळें धरणाऱ्याच्या बोटास तो टोंचतो. बहुतेक माशांच्या पोटांत हवेची पिशवी असते व तिच्या योगानें ते पाण्यांत तरंगून राहतात. या माशास ती पिशवीच नाहीं. त्यामुळें पोहणें थांबविलें कीं तो दगडासारखा तळाशीं बसतो. छातीजवळचे दोन पर मात्र पंख्याएवढे मोठे असतात. ते पसरून तो वाहत्या धारेंत तळाला धरून राहतो. दिवसा दगडाच्या आडोशास बसावें व रात्रीं बाहेर पडून पाण्यांतील किड्यांच्या अळ्या खाव्या, हा त्याचा नित्यक्रम होय.

वसंतऋतूंत विणीचा हंगाम येतो. नर एखादा पसरट दगड निवडतो व त्याच्या खालची जागा उकरून साफ करतो. मादी त्या दगडाच्या खालच्या बाजूस अंडीं चिकटवून निघून जाते; एकाच नराच्या दगडाखालीं अनेक माद्या अंडीं घालतात. त्यानंतर अंडीं फुटेपर्यंत, म्हणजे पाण्याच्या थंडाव्याप्रमाणें तीन ते चार आठवडे, नर त्या जागेवरून हलत नाहीं. परांनीं पाणी हालवून तो अंड्यांस वारा घालतो, गाळ बसूं देत नाहीं, आणि जवळ येणाऱ्यावर धांवून जातो. सारांश, या माशाचें घर, पाळणा व तटबंदी म्हणजे दगड आणि दगडाखालची पोकळी. ती पोकळी बुजली कीं वंश बुडाला.

पाणी थंड कां लागतें, हेंही ध्यानांत घेण्यासारखें आहे. पाणी जितकें थंड तितका त्यांत प्राणवायु अधिक विरघळतो. १० अंश सेंटिग्रेडच्या पाण्याच्या एका लिटरांत सुमारें ११ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो. तेंच पाणी ३० अंशांवर गेलें तर साडेसातच मावतो. दगडांवर आपटून वाहणाऱ्या पाण्यांत हवा सारखी मिसळत असते. थंडावा व खळाळ या दोहोंवर ज्याचें जीवन अवलंबून आहे अशा माशास संथ, कोमट व गढूळ पाणी मानवत नाहीं.

धरण्याच्या रीती

या माशाची सर्व शिकार एका गोष्टीवर उभारलेली आहे. तो संकटांत पळत नाहीं, लपतो. आपला रंग दगडाशीं मिळतो या भरंवशावर तो निश्चल बसून राहतो. अगदींच अंगाशीं आलें तर दोन-चार हात झेप घेऊन पुन्हां तळाला टेकतो. म्हणून येथें लांब दोरी किंवा मोठें जाळें यांचा उपयोग नाहीं. सावकाश चालणें व नीट पाहणें हींच खरीं साधनें.

जपानांतील डोंगरी ओढ्यांत चालत आलेली एक रीत अशी. शिकारी गुडघाभर पाण्यांत उतरतो. त्याच्या एका हातांत तळाला कांच बसविलेली पेटी असते. ती पाण्यावर टेकून आंत पाहिलें म्हणजे पृष्ठभागावरील चमक व लाटा आड येत नाहींत आणि तळाचा खडा न् खडा दिसतो. दुसऱ्या हातांत लहानसा कांटेरी भाला असतो. दगड हळूच कलता करावा, मासा दिसला कीं भाला त्याच्या अगदीं जवळ न्यावा व मग टोंचावा. चालण्याची दिशा नेहमीं ओढ्याच्या वरच्या अंगास ठेवतात. त्याचें कारण उघड आहे. पायांनीं उठलेला गाळ मागें वाहून जातो व पुढचें पाणी स्वच्छ राहतें. शिवाय माशाचें तोंड येणाऱ्या पाण्याकडे असल्यानें मागून येणारा माणूस त्यास लवकर दिसत नाहीं.

दुसरी रीत जाळ्याची. दांडीस लावलेलें लहान जाळें दगडाच्या खालच्या अंगास, तळाला घट्ट टेकवून धरावयाचें आणि वरच्या अंगानें दगड उचलावयाचा किंवा पायानें तळ ढवळावयाचा. बिथरलेला मासा धारेबरोबर जाळ्यांत येतो. हें काम दोघांनीं मिळून केलें तर सोपें जातें. एकानें जाळें धरावें व दुसऱ्यानें पायांनीं रेटीत यावें. जपानच्या इशिकावा प्रांतांतील कानाझावा शहराकडे या व अशाच लहान तळमाशांस 'गोरी' म्हणतात. जबरदस्तीनें एखादी गोष्ट पुढें रेटणें या अर्थीं जपानी भाषेंत 'गोरीओशी' असा शब्द आहे. तो गोरी धरण्याच्या या रेटारेटीवरून पडला, असें एक मत प्रचलित आहे.

तिसरी रीत गळाची. आंखूड काठी, हातभर दोरा, लहान गळ व त्यास लावलेलें गांडूळ एवढें पुरें. गळ लांब फेंकावयाचा नाहीं. दोन दगडांमधील फटींत तो सोडून थोडा वेळ धरून ठेवावयाचा. मासा खादाड असल्यामुळें आमिष तोंडासमोर आलें कीं सहसा सोडीत नाहीं. इंग्लंडांतील खेड्यांतून मुलें साध्या हातांनींच दगड उलटून हा मासा धरीत आलीं आहेत.

उत्तर अमेरिकेंत हा मासा खाण्यापेक्षां ट्राउट नांवाच्या मोठ्या माशाचें आमिष म्हणून अधिक प्रसिद्ध आहे. कॅनडांतील ऑंटेरिओ प्रांतांत निपिगॉन नदीवर डॉन गॅपन यानें १९३० नंतरच्या दशकांत हरणाचे केस व टर्कीचें पीस गळाला बांधून या तळमाशाची हुबेहूब नक्कल तयार केली. 'मडलर मिनो' या नांवानें ती आजही जगभर वापरली जाते. मोठा मासा कोठें आहे हें पाहण्यापूर्वीं तो काय खातो हें पाहावें, हा त्यांतील मतितार्थ होय.

कानाझावाकडे गोरीची तळून, पांढऱ्या मिसोच्या सारांत शिजवून, किंवा सोयाच्या रसांत व साखरेंत आटवून खाण्याची जुनी परंपरा आहे. भाजलेला काजिका तांदळाच्या ऊन मद्यांत बुडवून तें मद्य पिण्याचीही चाल आहे. डोंगरांतील शेतकऱ्यास पिकाच्या जोडीला ओढ्यानें दिलेलें हें कालवण होतें. आतां तो मासा दुर्मिळ व महाग झाला असून कांहीं ठिकाणीं तो टाक्यांत वाढविण्याचे प्रयत्नही झाले आहेत.

मासा कां कमी झाला

जपानांत काजिकाच्या निरनिराळ्या प्रकारांची नोंद सरकारी पर्यावरण खात्यास धोक्याच्या यादींत करावी लागली. युरोपांत १९९२ सालच्या अधिवासरक्षणाच्या निर्बंधांत बुलहेडचा समावेश झाला. एवढ्याशा माशास सरकारी संरक्षण लागावें, याचीं कारणें शिकाऱ्याच्या भाल्यांत फारशीं सांपडत नाहींत. तीं मुख्यतः तीन आहेत.

पहिलें कारण आडवें बांधकाम. पोहण्यास दुबळा असलेला हा मासा उडी मारूं शकत नाहीं. एका वितीएवढा सरळ उभा बांधही त्यास चढवत नाहीं. काजिकाच्या एका प्रकारांत अंड्यांतून निघालेलीं पिलें धारेबरोबर समुद्रापर्यंत जातात व थोडीं मोठीं झाल्यावर परत वर येतात. वाटेंत भिंत उभी राहिली कीं हें येणें खुंटतें. डोंगरावरून येणारे दगडगोटे अडविण्यासाठीं जपानांत ओढ्यांवर अनेक बंधारे घातले गेले. त्यांनीं खालच्या गांवांचें रक्षण केलें हें खरें. परंतु माशाची वाट अडली हेंही तितकेंच खरें.

दुसरें कारण, ओढे सरळ करणें व त्यांतील दगड काढणें. पाणी लवकर वाहून जावें म्हणून पात्र एकसारखें कापलें व दोन्ही बाजूंस काँक्रीटच्या भिंती घातल्या, म्हणजे तळाची खडबड जाते आणि काठच्या झाडांची सावलीही जाते. मग पाणी तापतें आणि लपावयास जागा उरत नाहीं.

तिसरें कारण आमच्या वाचकांच्या सर्वांत जवळचें आहे, आणि तें म्हणजे शेतांतून व उघड्या डोंगरांवरून येणारा बारीक गाळ. हा गाळ दगडांखालच्या पोकळ्या भरून टाकतो, अंड्यांवर बसून त्यांचा श्वास कोंडतो, आणि ज्या अळ्यांवर मासा जगतो त्यांचीही जागा हिरावून घेतो. वरून पाहणारास ओढा पूर्वींसारखाच वाहतांना दिसतो. मेलेला असतो तो त्याचा तळ.

एका मिलिमीटरचा हिशेब

येथें थोडा हिशेब करूं. एका एकरांत सुमारें ४,०४७ चौरस मीटर जमीन असते. वळवाच्या एका जोरदार सरीनें त्यावरील केवळ एक मिलिमीटर जाडीचा थर धुऊन नेला, तर ती माती सुमारें चार घनमीटर भरते, म्हणजे वजनानें पांच टनांच्या घरांत जाते. एक मिलिमीटर थर गेल्याचें शेतांत उभ्या असलेल्या धन्याच्या डोळ्यांस दिसतही नाहीं. परंतु तीच माती ओढ्याच्या तळावर एक सेंटिमीटर जाडीनें पसरली तर चारशें चौरस मीटर जागा व्यापते. ओढा दोन मीटर रुंद धरला तर दोनशें मीटर लांबीपर्यंत त्यांतील दगडांच्या फटी बुजण्यास एवढी माती पुरे. सगळी माती एकाच जागीं बसत नाहीं, कांहीं पुढें वाहून जाते, हें आम्हांस मान्य आहे. पण ओढ्याकांठीं शेत एकाच एकराचें नसतें आणि वळवाची सरही एकच येत नाहीं.

यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. माशाचा नाश करणारा गाळ म्हणजे परकी घाण नव्हे. तो शेतकऱ्याचाच कस आहे. ज्या मातींत त्याचें खत मुरलें, तीच आधीं जाते, कारण ती सर्वांत वर असते. म्हणून दगडाखालचा मासा नाहींसा होणें ही शेताच्या तोट्याची पावती समजावी. ओढ्यांतील मासा वांचवावा कीं शेतांतील पीक, असा झगडा येथें मुळींच नाहीं. दोहोंचा शत्रु एकच आहे.

आपल्याकडील ओढे

सह्याद्रींतील ओढे हिमप्रदेशांतील ओढ्यांइतके थंड नाहींत आणि कॉटस गणांतील मासे आपल्याकडे मिळत नाहींत. पण डोंगरउतारावरील खळाळत्या, खडकाळ पाण्यांत तळाशीं राहणारे, मिशांचे, बोटभर लांबीचे मासे आपल्याकडेही आहेत. कर्नल साइक्स यानें १८३९ च्या सुमारास दख्खनच्या माशांचें जें वर्णन प्रसिद्ध केलें, त्यांत अशा माशांचाही समावेश आहे. दगडांतील फट, स्वच्छ तळ व वाहतें पाणी या त्यांच्याही गरजा आहेत.

आपल्याकडे विणीच्या हंगामाची गोष्ट विशेष विचार करण्यासारखी आहे. पहिल्या मोठ्या पावसांत नदीओढ्यांतील मासे उलट्या धारेनें चढून शेतांत व ओहळांत अंडीं घालावयास येतात. यांस कोठें चढणीचे तर कोठें वलगणीचे मासे म्हणतात, आणि ते धरावयास सारा गांव लोटतो. त्यांतील आनंद आम्ही नाकारीत नाहीं. परंतु हे मासे अंड्यांनीं भरलेले असतात. चढतीच्या वेळीं ओहळाचें तोंड संपूर्ण बंद करून प्रत्येक मासा धरणें म्हणजे पेरणीचें बीं दळून खाणें होय. याहून वाईट चाल विष घालण्याची. गेळफळासारख्या झाडपाल्याचें विष पूर्वींपासून माहीत होतें. त्यांत पुढें ब्लीचिंग पावडर व शेतावरील कीटकनाशकें यांची भर पडली. विष लहानमोठें पाहत नाहीं; त्यानें पिलें, खेकडे व अळ्या सर्वच मरतात, आणि तेंच पाणी खालच्या वस्तींतील गुरें पितात. विष व सुरुंग यांनीं मासे मारणें हा १८९७ सालच्या कायद्यानेंच गुन्हा ठरविला होता.

मातीच्या बाजूनें पाहतां आपल्याकडे ताली घालण्याची रीत जुनी आहे, आणि मुंबई इलाख्यांत १९४२ सालीं जमीनसुधारणेचा कायदा होऊन त्या कामास सरकारी बळही मिळालें. २०१४ च्या डिसेंबरांत सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानांत ओढे-नाले खोल व रुंद करण्याचीं कामें पुष्कळ झालीं. पाणी अडविण्याचा हेतु निर्विवाद चांगला आहे. परंतु यंत्रानें तळाचे सर्व दगड उपसून काठ उभे कापले तर दुसऱ्याच पावसांत काठ ढांसळूं लागतात व खोदलेला खड्डा गाळानें भरतो. वर शेतांत माती न थोपवितां खालीं ओढा खोदणें म्हणजे गळक्या छपराखालीं रोज जमीन पुसणें होय.

हक्काबरोबर कर्तव्य

जपानच्या १९४९ सालच्या मत्स्यव्यवसायाच्या कायद्यांतील एक तत्त्व सहकारी संस्थांनीं मुद्दाम लक्षांत घ्यावें. नदीओढ्यांतील सामाईक मासेमारीचा हक्क तेथें स्थानिक सहकारी संस्थेस मिळतो. पण त्याबरोबर त्या पाण्यांतील मासे वाढविण्याचें कामही संस्थेवर पडतें. बाहेरचा शिकारी आला तर त्यानें परवान्याचे पैसे भरावे व संस्थेचे हंगामाचे नियम पाळावे. जो खातो त्यानेंच राखावें, हा न्याय साधा असला तरी कागदावर लिहिलेला आहे म्हणून तो पाळला जाण्याची आशा राहते.

आपल्या गांवच्या सोसायटीस किंवा ग्रामसभेस असा ठराव करण्यास फारसा खर्च नाहीं. आमच्या मतें पुढील गोष्टी प्रत्येक ओढ्याकांठच्या गांवीं होण्यासारख्या आहेत:

१. ओढ्याच्या दोन्ही काठांस निदान पंधरा-वीस फुटांची पट्टी न नांगरतां गवताखालीं ठेवावी. गवत गाळ अडवितें आणि वैरणही देतें.

२. उताराच्या शेतांत नांगरट व पेरणी उतारास आडवी करावी आणि ताली दरवर्षीं पावसाळ्यापूर्वीं पाहून घ्याव्या.

३. काठचीं उंबर, जांभूळ, करंज अशीं झाडें तोडूं नयेत. त्यांच्या सावलीनें पाणी थंड राहतें व मुळांनीं काठ धरून ठेवला जातो.

४. ओढा खोल करावयाचा असेल तर थोड्या थोड्या अंतरानें दगडगोट्यांचा मूळ तळ जसाच्या तसा राखावा.

५. मासे किंवा खेकडे धरतांना उलटलेला दगड पूर्वीं होता तसाच परत ठेवावा. दगडाच्या खालच्या बाजूस अंडीं दिसलीं तर तो लगेच हलकेच खालीं ठेवून पुढें जावें.

६. चढणीच्या दिवसांत ओहळाचें तोंड पूर्ण बंद करूं नये. अर्धी वाट मोकळी ठेवावी. विष घालणारास गांवानें आळा घालावा.

परीक्षाही प्रत्येकास करतां येईल. पावसाळा सरल्यावर, पाणी निवळलें म्हणजे, आपल्या शिवाराच्या वरच्या टोंकास व खालच्या टोंकास ओढ्यांतील दहा-दहा दगड हळूच उलटून पाहावे. दगडाखालीं पोकळी आहे कीं चिखल, अळ्या आहेत कीं नाहींत, एखादा लहान मासा सटकतो कीं नाहीं, हें वहींत लिहून ठेवावें. वरच्या टोंकास दगड स्वच्छ व खालच्या टोंकास चिखलांत रुतलेले आढळले, तर मधल्या अंतरांत माती कोठून आली हें शोधण्यास दूर जावें लागणार नाहीं. दरवर्षीं त्याच जागीं, त्याच दिवसांत ही नोंद केली तर घातलेल्या ताली व राखलेलें गवत यांचा गुण आला कीं नाहीं याचा हिशेब त्याच वहींत मिळेल.